थोरलीच्या ब्रेकमधली हवा

१

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक शहाणा आणि एक माझा मेहुणा.

शहाणा गाडीखाली झोपतो. मेहुणा वर केबिनमध्ये बसतो. खालून "मार" म्हटलं की वरच्यानं ब्रेकचं पायडल भराभर दाबायचं. "धर" म्हटलं की दाबून धरायचं आणि अजिबात हलायचं नाही. मग खालचा माणूस चाकामागचं बोटाएवढं निपल पान्यानं सैल करतो. तेल आणि तेलात अडकलेली हवा नळीतून बाटलीत बुडबुडत उतरते. निपल पुन्हा आवळलं की "सोड". वरच्यानं त्याआधीच सोडलं तर हवा उलटी आत शिरते आणि सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं. आत हवा राहिली तर पायडल पोकळ लागतं. पोकळ पायडलवर उतार उतरायचा असेल तर घरी सगळ्यांशी गोड बोलून निघावं.

आमच्या गॅरेजला लागून वेल्डरचं दुकान आहे. त्याचं ग्राइंडर सुरू झालं की माझा आवाज कसाबसा वर पोचतो, पण मेहुण्याचा खाली येत नाही. बहिणीच्या धाकात वाढल्यामुळे त्याचा आवाज तसाही गळ्यातच राहिलेला. म्हणून आमची ठरलेली रीत अशी की पायडल धरलं की त्यानं टाचेनं केबिनच्या पत्र्यावर एकदा ठोकायचं. टक. सोडलं की पुन्हा टक. खालच्याला वरचा दिसत नाही, वरच्याला खालचा दिसत नाही, तरी काम चालतं. संसारासारखंच. वर बसून टाच आपटण्यापलीकडे काही करत नाही म्हणून मेहुण्याला मी हुजूर म्हणतो.

गाडी माझ्या जावयाची. दगड वाहणारा जुना ट्रक. मी घरी कमी आणि तिच्याखाली जास्त असतो हे बघून बायकोनं तिचं नाव थोरली ठेवलं. "जा, थोरली वाट बघत असेल," असं म्हणून ती डबा हातात देते. थोरली माझ्यापेक्षा वयानं लहान, पण दुखणी सगळी माझीच घेतलेली. रेडिएटर गळतो. सेल्फ लागला तर लागतो. मागच्या स्प्रिंगचा एक पाटा तुटलेला, सायलेन्सरला पत्र्याच्या डब्याचं ठिगळ. स्टिअरिंग आधी अर्धा वेढा नुसतं हसतं आणि मग वळतं. एवढं चालतं. पण मागच्या खेपेला टेकडीवरच्या खाणीतून भरलेली गाडी खाली आणताना ब्रेकचं पायडल एकदम तळाला गेलं. थोरली खडकाला घासत थांबली. रस्त्याची दुसरी बाजू असती तर तिथे घासायला काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझी मुलगी गॅरेजमध्ये आली. दिवस भरत आलेले, त्यात चालत आलेली. तिनं गाडीची चावी माझ्या हातात ठेवली.

"बाबा, ब्रेक झाले असं तुम्ही स्वतःच्या तोंडानं म्हणाल, तेव्हाच ह्यांना चावी द्यायची. आणि चेष्टा नको. ह्या एका बाबतीत नको."

"बरं," मी म्हणालो. माझ्या तोंडून चेष्टेशिवाय निघालेला तेवढाच एक शब्द असेल.

२

चाकांमधली रबरं बदलली, लायनर बदलले, नवं तेल भरलं. राहिली होती फक्त हवा. खाणीवरच्या मुकादमानं निरोप धाडला होता की आज गाडी आली तर ठीक, नाहीतर दुसऱ्या ट्रकला काम देतो. म्हणून सकाळीच मी पोत्यावर आडवा होऊन सरपटत थोरलीखाली शिरलो. या वयात गाडीखाली शिरणं सोपं आहे. बाहेर यायला मात्र आदल्या दिवशी ठरवावं लागतं.

"हुजूर, बसलात का?"

वरून काही आलं नाही. ग्राइंडर चालू होतं. मी म्हटलं, "मार."

पायडल चाललं. पायडलच्या सळईची करकर सुरू झाली.

"धर."

टक.

मी निपल सैल केलं. आता मी हे काम जन्मभर केलंय. हुजूर पायडल धरतो तेव्हा मधेच मान खाजवतो, रस्त्यावर कोण चाललंय ते बघतो, आणि तेल नळीत तसंच थबकत, ढकलत उतरतं. त्या दिवशी तेल एका धारेत आलं. वरच्याला दुसरं काही करायचंच नाही, कुठे बघायचंच नाही, अशी ती धार होती.

मला बरं वाटलं. मी खालून सुरुवात केली. "काय हुजूर, आज काम करताय? बायको माहेरी गेली का? की मीच गेलोय आणि मला कुणी सांगितलं नाही?"

एरवी अशा बोलण्यावर टाचेचे दोन-चार रागीट ठोके यायचे. काहीच आलं नाही. "सोड" म्हटलं, टक. दुसरं चाक घेतलं. मार, धर, टक, सोड, टक. तिसरं घेतलं. इतकं सुरळीत काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. तिसऱ्या चाकाचं निपल उघडं होतं, बाटलीत धार पडत होती, आणि मला चाकांच्या मधून फाटकातून आत येणाऱ्या चपला दिसल्या. डाव्या चपलेचा अंगठा लाल वायरनं शिवलेला. हुजूरच्या चपला.

त्या माझ्या डोक्याशी येऊन थांबल्या. मग हुजूरचं तोंड उलटं खाली आलं. दोन्ही हातांत चहाचे पेले.

"दाजी, कुणाशी बोलताय? मी चहा आणायला गेलो होतो."

बाटलीत धार पडतच होती.

३

मी हसलो. दुसरं काय करणार? ज्यानं आयुष्यभर लोकांच्या दाराच्या कड्यांना ग्रीस लावलं, त्याला कधीतरी कुणीतरी लावणारच. मी निपल आवळलं, "सोड" म्हटलं. वरून टक आलं. हुजूर माझ्या तोंडाकडे बघत उभा. मी सरपटत बाहेर आलो, चहा घेतला आणि ओरडलो, "ए वेल्डर, ये खाली. छान केलंस. पण चहा मिळणार नाही."

भिंतीपलीकडे ग्राइंडर थांबलं. वेल्डर चष्मा डोक्यावर सारत दुकानाच्या दारात आला. त्याच्या हातातली पट्टी अजून तापलेली होती.

"काय केलं मी?"

"केबिनमध्ये कोण आहे मग?"

"मला काय माहीत? तुझ्या गाडीत बसायला मला काय वेड लागलंय? सीटखाली तूच काहीतरी ठेवलं असशील." मागे एकदा त्याच्या स्टुलावर मी ओलं फडकं ठेवलं होतं, ते त्याच्या अजून लक्षात होतं.

केबिनमध्ये कुणी नव्हतं. थोरलीचा पलीकडचा दरवाजा भिंतीला टेकलेला, हात जाईल एवढाच उघडतो. अलीकडचं कुलूप मोडलेलं. चहाला जाताना हुजूरनं हा दरवाजा तारेनं बांधला होता. तार तशीच होती. मी ती सोडून आत डोकं घातलं.

सीटच्या रेक्झिनमध्ये बसल्याचा खड्डा होता. मी बघत असताना तो हळूहळू वर आला.

मी स्वतःला समजावलं. जुना फोम असाच असतो. पायडलची स्प्रिंग अडकत असेल. टक म्हणजे पत्रा तापून वाजला असेल. शाळेत मी फार शिकलो नाही, पण इतकी कारणं सुचायला फार शिकावं लागत नाही, नुसतं घाबरावं लागतं. स्प्रिंगला तेल दिलं. पायडल हातानं दाबून बघितलं. चांगलं होतं. खरं सांगायचं तर फार चांगलं होतं, आणि तेच मला आवडत नव्हतं.

थोरली आधी कुणाची होती हे जावईबापूंना मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

४

चहा झाल्यावर हुजूरला वर बसवला. माझ्या डोळ्यांदेखत बसवला, आणि मगच खाली शिरलो. चौथं चाक राहिलं होतं.

"मार."

काही हललं नाही.

"अरे मार की."

हुजूरनं दरवाजातून डोकं काढलं. "दाजी, दाबायला जागाच नाही. हे आधीच दाबलेलं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तळाला आहे. मी पाय ठेवलाय, पण मी दाबत नाहीये."

माझ्या जिभेला एकच सवय. "सोड," मी म्हणालो.

टक.

वर हुजूर किंचाळला. "खालून ढकलता काय दाजी! माझा पाय वर उचलला गेला."

"माझे दोन्ही हात इथे आहेत. बघ."

त्यानं वाकून बघितलं. माझे हात तेलानं माखलेले, पाना आणि बाटली धरलेले. पण त्यानं हात बघितले नाहीत, माझं तोंड बघितलं, आणि त्याला जे दिसायचं तेच दिसलं. इतकी वर्षं मी त्याला जे दाखवत आलोय ते.

"वय काय झालं तुमचं दाजी?" तो खाली उतरत म्हणाला. "ताईला सांगतो. मी नाही बसणार आता. बसा तुम्ही आणि तुमची थोरली."

दुपारी जेवताना त्यानं खरंच सांगितलं. बायको ताटात भात वाढत म्हणाली, "अहो, नातवंड येईल आता. त्याच्यासाठी तरी थोड्या चेष्टा शिल्लक ठेवा."

"मी चेष्टा केली नाही."

"बरं, नाही केली. आमटी घ्या."

जावईबापू समोर जेवत होते. माणूस शांत, कमी बोलणारा, हात मोठाले. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"बाबा, झाले का ब्रेक?"

"नाही झाले."

"पण मामा," जावईबापू हुजूरकडे बोट करत मला म्हणाले, "हे तर सांगतायत की पायडल दगडासारखं लागतंय. मग राहिलं काय?"

काय राहिलं ते मला माहीत होतं. शब्द मात्र नव्हता. "हवा आहे अजून आत," मी म्हणालो.

त्यांनी एकदा मुलीकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे. मला कळलं त्यांना काय वाटलं ते. बाप-लेकीनं मिळून ठरवलंय, याला खाणीवर पाठवायचं नाही. त्यांनी हात धुतले. "आज गाडी नाही गेली तर काम गेलं, मामा. मग घरी बसून तुमच्या चेष्टा ऐकायच्या का?"

ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. फार थकून बोलले.

५

जेवून मी एकटाच गॅरेजमध्ये आलो. वेल्डरचं दुकान बंद. दुपारी तो झोपतो आणि घोरण्याचं ग्राइंडर घरी चालवतो. ऊन इतकं, की पत्र्याचं छप्पर अधूनमधून कण्हत होतं.

मी थोरलीखाली शिरलो. पायडलच्या बरोबर खाली केबिनचा पत्रा गंजून भोक पडलेलं आहे, त्यावर मीच कधीतरी एक पत्र्याचा तुकडा स्क्रूनं बसवला होता. तो काढला. भोकातून केबिनमधला उजेड खाली आला, तळहाताएवढा, माझ्या छातीवर पडला. पायडलची सळई दिसत होती. वर सीटखालची धूळ दिसत होती. बाकी काही नाही.

मी बराच वेळ तसाच पडून राहिलो. पाठ दुखत होती. झोपही आली असती.

मग अगदी हळू, कुणाला उठवायचं नसल्यासारखा, मी म्हणालो, "धर."

माझ्या छातीवरचा उजेड गेला.

भोकावर काहीतरी आलं होतं. वरून काहीतरी टेकलं होतं, आणि कडेनं उजेडाची एक बारीक कड राहिली होती, गोल. टाचेसारखी गोल. सळई खाली आली होती. टक झालं नाही. आता ठोकायची गरज नाही हे त्यालाही कळलं असावं. मी इतक्या जवळ होतो.

मी बोललो नाही. "सोड" म्हटलं तर उजेड परत येईल आणि मग मला वर बघावं लागेल. डोळे मिटून मी अवजारांच्या पेटीत हात घातला, कापायची पाती काढली आणि ब्रेकचा मुख्य पाइप कापला. जन्मभर पाइप जोडले, कापला तो हा पहिलाच. नवं कोरं तेल माझ्या बाहीत, मानेत, पोत्यात गेलं. गेलं म्हणजे सगळं गेलं. आता ही गाडी कुणीही कुठेही नेऊ शकणार नाही. पाइप तुटलेल्या गाडीत कितीही धरणारा बसू दे, धरणार कशाला?

"सोड," मी म्हणालो, आणि उजेड परत येण्याआधीच बाहेर सरपटलो.

६

मागच्या हौदावर मी मान धूत होतो तेव्हा इंजिन सुरू झालं. एरवी रुसणारा सेल्फ त्या दिवशी पहिल्या झटक्याला लागला. चावी माझ्या खिशात होती. पण ट्रकवाल्याकडे एकच चावी असते असं समजणारा माझ्यासारखा मीच.

मी धावलो. धावलो म्हणजे माझे गुडघे जेवढं देतात तेवढं. थोरली फाटकाकडे निघाली होती. मी तिच्यासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिलो. "थांबा, पाइप कापलाय" असं ओरडायचं होतं. तोंडातून निघालं, "धर!"

थोरली जागच्या जागी थांबली. तिच्या रेडिएटरची गरम वाफ माझ्या तोंडावर आली.

"मामा!" जावईबापू खिडकीतून ओरडले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मेला असता ना!"

"खाली उतरा. ब्रेकचा पाइप कापलाय. तेल नाही आत."

"तेल नाही आणि अशी थांबली?" आता ते हसले, सुटल्यासारखे. "मामा, इतके चांगले ब्रेक या गाडीला कधी लागले नव्हते. पुरे करा आता. तुमच्या लेकीनं सांगितलंय म्हणून हे सगळं चाललंय, कळतंय मला."

मी खाली वाकून पाइप दाखवला असता. पण तेवढ्यात ते गिअर टाकून निघाले असते. मी मागचा पुढचा विचार न करता दुसऱ्या बाजूनं चढलो आणि शेजारी बसलो. "सोड," मी पुटपुटलो. पायाखाली टक झालं. जावईबापूंना वाटलं मी टाच आपटली.

जाताना चढ होता, रिकामी गाडी, काही झालं नाही. खाणीवर दगड भरले. मुकादमानं मला बघून विचारलं, "काय मामा, आज तुम्ही पण?" मी म्हटलं, "हवा खायला आलोय." तो हसला.

पहिल्याच उतारावर जावईबापूंनी ब्रेक दाबला. पायडल कापसात गेल्यासारखं तळाला गेलं. थोरलीनं वेग घेतला. ते पुन्हा पुन्हा दाबत राहिले. वळण समोर आलं, वळणापलीकडे नुसतं आकाश होतं.

"धर," मी म्हणालो.

टक.

थोरली मंद झाली, वळली, चालू लागली. जावईबापूंनी भीतीनं पाय वर उचलून घेतला होता. त्यांचे दोन्ही पाय मला दिसत होते. एक क्लचजवळ, एक हवेत. पायडल खालीच होतं. त्यावरचं जुनं रबर दबलेलं होतं, पाच जागी, एक मोठी आणि चार लहान.

"सोड." रबर फुगलं. पायडल वर आलं.

टेकडी उतरेपर्यंत मी एवढंच बोलत होतो. धर. सोड. धर. जावईबापूंनी पायडलवर पुन्हा पाय ठेवला नाही. खाली सपाट रस्त्यावर आल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, खाली वाकून कापलेला पाइप बघितला, परत येऊन बसले.

"मामा," ते म्हणाले, "उद्या याल का?"

७

मग मी रोज गेलो. पाइप जोडला, तेल भरलं. दुसऱ्या गॅरेजच्या मिस्त्रीकडून सगळं पुन्हा तपासून घेतलं. त्यानं पावती द्यावी तशी मान डोलावली. एकदा जावईबापू हट्टानं एकटेच गेले आणि पहिल्या वळणावरच पायडल तळाला गेलं. मागचं चाक खडकाला लावून कशीबशी थांबवली. त्यांनी स्वतः "धर" म्हणून बघितलं होतं. ऐकलं नाही. त्याला माझाच आवाज लागत होता. गाडी विकायची तर विकणार कुणाला, आणि कुणाच्या जिवावर? दुसरी मिळेपर्यंत चालवायची, असं आम्ही ठरवलं. दुसरी काही मिळत नव्हती.

घरी आम्ही यातलं काही सांगितलं नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, ह्यांच्याबरोबर जाताय ते बरं वाटतं." बायको म्हणाली, "थोरलीला सोडवत नाही म्हाताऱ्याला." सगळे हसले, मीही हसलो. वळणावळणावर तेच दोन शब्द ओरडून माझा घसा बसला. मग नुसता बसला नाही, आतून सोलून निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, बोलायचं नाही. तोंड मिटून पडायचं. माझ्यासारख्याला ही शिक्षा मिळाली म्हणून वेल्डर खास भेटायला आला आणि मी उलट बोलू शकत नाही म्हणून बराच वेळ बसला.

औषधानं मला झोप लागली. उठलो तेव्हा दुपार झाली होती. बायको स्वयंपाकघरात होती.

"जावई येऊन गेले," ती तिथूनच म्हणाली. "मुकादमानं तातडीची खेप काढलीय म्हणे, नाही गेले तर काम जाईल. तुम्हाला उठवू म्हणत होते. आपल्या पोरीनंच नको सांगितलं. म्हणाली, बाबांना झोपू दे, ब्रेक आता चांगले झालेत ना."

मी उठून मागच्या खिडकीशी गेलो. तिथून टेकडी दिसते, आणि तिच्यावरचा रस्ता, ओढलेल्या दोरीसारखा. वरच्या टोकाला थोरली दिसली. काडेपेटीएवढी. भरलेली. निघाली होती.

"धर," मी म्हणालो. आवाज कसला, नुसती खरखर. काच ओली झाली.

टेकडीवर थोरली वळणाआधी मंद झाली.

आणि माझ्या मागे, खोलीत, टक वाजलं.

मी वळलो नाही. "सोड," म्हणालो. मागे टक. थोरली चालू लागली. दुसरं वळण. तिसरं. दर वेळी आवाज कमी निघत होता, आणि दर वेळी मागचा ठोका थोडा जवळून येत होता. शेवटच्या मोठ्या वळणावर "धर" निघाला तो श्वासासारखा. थोरली थांबली. वळणाच्या तोंडावर, उतारावर, जागच्या जागी.

आता "सोड" म्हणायचं होतं. ओठ हलले. काही निघालं नाही. पुन्हा प्रयत्न केला. काही नाही.

ठीक आहे, मी मनात म्हटलं. थांबलीय तर थांबू दे. उतरा जावईबापू. उतरा आणि चालत घरी या.

ते उतरले. टेकडीवर एक ठिपका थोरलीच्या भोवती फिरला. मग चाकं जाम झाल्यावर कुठलाही गाडीवाला करतो तेच त्यांनी केलं. खाली बसले, आडवे झाले आणि थोरलीखाली शिरले.

तेव्हा मी वळलो.

खोलीत दोरीवर चादर वाळत घातलेली होती, जवळजवळ जमिनीपर्यंत. तिच्याखाली एक पाय दिसत होता, घोट्यापर्यंत. जमिनीला टेकलेला नव्हता. पुढे ताणलेला, हवेत काहीतरी दाबत असल्यासारखा. तळवा माझ्याकडे होता. त्यावर भेगा नव्हत्या, रेषा नव्हत्या, तेलाचा डाग नव्हता. कुठेच कधी न चाललेल्या माणसाचा तळवा. बोटं आवळलेली होती.

तो थरथरत होता.

दमला होता. मला ते लगेच कळलं, कारण माझेही पाय तसेच थरथरतात. आधी घोटा, मग टाच. बोटं एक एक करून सैल होऊ लागली होती.

"अहो, उठलात का?" बायको आतून म्हणाली. "कुणाशी बोलताय? बोलायचं नाही सांगितलंय ना?"

मी गुडघ्यांवर बसलो. चादर उचलली नाही, वर बघितलं नाही. दोन्ही हातांनी तो पाय घट्ट पकडला आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून माझ्याकडे ओढून धरला. गरम होता. दिवसभर राबलेल्या माणसाच्या पायासारखा गरम. माझ्या हातात तो थोडा स्थिरावला. वरून, चादरीतून, कुणीतरी दमलेला श्वास सोडल्याचं जाणवलं.

खिडकी माझ्या पाठीमागे होती. जावईबापू गाडीखालून बाहेर आले की नाही हे बघायला हात सोडावे लागले असते. मी धरून बसलो.